परसातलं कौलारू खुराडं: सहा कोंबड्यांसाठी घरच्या घरी कसं बांधायचं

आमच्या परसात जो कोणी पहिल्यांदा येतो तो एकदा तरी विचारतो, हे तुळशीमागे छोटं देऊळ बांधलंय काय. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे चार खांब, वर मंगलोरी कौलं, पांढरा चुना, त्याच्यावर कावेची लाल पट्टी आणि दाराच्या जागी जुन्या घरातली दोन फळ्यांची खिडकी. आतमध्ये सहा कोंबड्या असतात. माप काय, कौलं कशी बसवली, वास येत नाही का, असं इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

पहिलीच गोष्ट सांगते, छान दिसावं म्हणून मी वेगळं काही केलेलं नाही. कोकणात आपलं घर ज्या वस्तूंचं असतं त्याच वस्तू घेतल्या, चिरा, कौल, फणसाचं लाकूड, माणग्याचा बांबू, चुना. नेटवर ती गुलाबी-निळी प्लायवूडची खुराडी दिसतात ना, ती कोरड्या थंड हवेतली, आमच्या कुडाळकडे मृगापासून हस्तापर्यंत जो पाऊस लागतो त्यात प्लायवूड पहिल्याच वर्षी फुगतं आणि पापड सुटल्यासारखे थर निघतात. घर ज्याने टिकतं त्यानेच खुराडं टिकतं, आणि घराला शोभतंसुद्धा.

हे आमचं दुसरं खुराडं. पहिलं मी घाईत केलेलं, लोखंडी अँगल, वर पत्रा आणि चहूबाजूंनी ती षटकोनी तारेची चिकन जाळी. दुकानात तिला चिकन जाळी म्हणतात म्हणून मी विश्वासाने घेतली. वैशाखात एका सकाळी बघते तर खालच्या कोपऱ्यात जाळी दोन्ही बाजूंना फाकलेली, भोक जेमतेम मुठीएवढं, तारेला तपकिरी पिसं अडकलेली आणि आत दोन तलंगा कमी. दोघीही पुढच्या पंधरा दिवसांत अंड्यावर येणार होत्या. रानमांजर होतं की कांडेचोर ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी मला समजलं की ती जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, जनावर आत येऊ नये म्हणून नाही. आणि पत्र्याचं तर विचारूच नका, दुपारी बारानंतर आत हात घातला तरी झळ लागायची, कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत बसायच्या. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते, त्यामुळे ३५ अंशांच्या वर पारा गेला की तिचे हाल सुरू होतात, अंडी कमी होतात आणि फारच तापलं तर मरतेसुद्धा.

तेव्हा सासूबाई एकच वाक्य बोलल्या, “वारो होयो गो, पण अंगार येवक नको.” वारा हवा, पण अंगावर यायला नको. नवीन खुराड्याचं सगळं डिझाईन या एका वाक्यावर आहे, पुढे कुठे अडलात तर हेच आठवा.

आता जागा. घरापासून फार लांब नको, रात्री काही फडफडलं तर ऐकू आलं पाहिजे, आणि बिबट्या फिरतो अशा गावात तर घराच्या उजेडात असलेलं केव्हाही बरं. पण विहिरीला लागून नको आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तर नकोच. पावसात पाणी कुठून वाहतं ते आधी बघून ठेवा, आम्ही सरळ मागच्या पावसाळ्यात जिथे पाणी साचलं नव्हतं ती जागा धरली. आंब्या-फणसाची सावली असेल तर सोन्याहून पिवळं, फक्त माडाखाली बांधू नका, नारळ किंवा वाळलेली झावळ पडली की कौलं गेलीच म्हणून समजा.

दिशा महत्त्वाची आहे. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवायच्या, म्हणजे आढं (छपराचा मधला सगळ्यात उंच वासा) पूर्व-पश्चिम जातं आणि ऊन सरळ आत घुसत नाही. मोठ्या पोल्ट्रीच्या शेडसुद्धा अशाच बांधतात. आमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो म्हणून दार पूर्वेला, सकाळचं कोवळं ऊन दारातून आत येतं आणि आतली रात्रीची ओल सुकते.

मापं सहा कोंबड्यांच्या हिशोबाने देते. आतलं घर ४ फूट लांब, ३ फूट रुंद, म्हणजे १२ चौरस फूट, एकीला २ चौरस फूट. रात्री झोपायला आणि अंडी घालायला हे पुरतं, पण दिवसभर कोंडून ठेवायचं असेल तर अजिबात पुरत नाही, मग एकमेकींना टोचायला लागतात, पिसं उपटतात. म्हणून बाहेर १० बाय ६ फुटांचं जाळीचं अंगण केलंय, एकीला १० चौरस फूट. तुम्ही संध्याकाळी परसात मोकळं सोडणार असाल तर अंगण थोडं लहान चालेल, पण आतल्या घराच्या मापात काटकसर करू नका, कारण कोंबड्या वाढतातच, आज सहा आहेत, उद्या एक खुडूक बसली की एकवीस दिवसांनी दहा होतील.

खांबांपासून सुरुवात. चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे खांब, प्रत्येकाला तीन चिरे, आमच्या खाणीचा चिरा ७ इंच उंच येतो त्यामुळे सांध्यांसकट जवळपास २ फूट उंची मिळते. एकूण १२ चिरे आणि पायाला थोडा डबर. खांबांना गिलावा करू नका, जांभ्याचा तो भोकाभोकांचा लाल पोत उघडाच छान दिसतो आणि पाऊस पिऊन वर शेवाळ धरलं की आणखी खुलतो. जमिनीपासून २ फूट उचलण्याचं कारण मात्र शोभेचं नाही, घूस खालून बीळ काढून वर येते ती आता येऊ शकत नाही, लाकडाला जमिनीची ओल लागत नाही, आणि दुपारी कोंबड्या त्या खालच्या सावलीत माती उकरून लोळत बसतात, ती त्यांची सगळ्यात आवडती जागा आहे. खांब आणि लाकूड यांच्या मध्ये पत्र्याचा एकेक तुकडा घाला, दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर काढून खाली वाकवलेला, म्हणजे वाळवी चढताना दिसते आणि वेळीच झाडता येते.

सांगाडा फणसाच्या लाकडाचा. साग परवडला तर घ्या, पण आमच्याकडे फणस सहज मिळतो, वाळवीला तो बऱ्यापैकी दाद देत नाही आणि दोन वर्षांत त्याचा पिवळा रंग उतरून सुंदर मधासारखा होतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं पण ते घेऊ नका, आतून कधी पोखरलं जाईल कळणार नाही. मी आधी २ बाय २ इंचाचे उभे खांब धरले होते, तेव्हा आमच्या सुतारकाकांनी एक कौल उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले वैनी, आता हे पन्नास वेळा मोजा. एक मंगलोरी कौल सव्वादोन-अडीच किलोचं असतं, पन्नास कौलं म्हणजे सव्वाशे किलो, आणि पावसात भिजून वजन वाढतं ते वेगळंच. म्हणून कोपऱ्याचे खांब ३ बाय ३ इंच घ्या, आणि कोपऱ्यांत तिरके धीरे, म्हणजे आधाराच्या आडव्या-तिरक्या पट्ट्या ठोका, नाहीतर वाऱ्याने सगळं डुलेल.

भिंतींची उंची ३ फूट, वळचणीच्या टोकापासून आढ्यापर्यंत उभी उंची दीड फूट. चारी बाजूंना फूटभर वळचण काढलीय, त्यामुळे छप्पर ६ बाय ५ फुटांचं होतं. मंगलोरी कौलाला उतार कमी दिला तर पाऊस उलटा आत शिरतो, साधारण ३० अंश तरी हवा, आपल्या मापात तो दीड फूट उंचीने बरोबर बसतो. वासे फणसाचे, रिपा पोफळीच्या. रिपांमधलं अंतर टेपने मोजून ठोकू नका, दोन कौलं खरोखर ठेवून खालच्या नाकाची खोबण रिपेवर बसते का बघा आणि मग खूण करा, कारखान्याप्रमाणे कौलाचं माप थोडं बदलतं. जुनी कौलं मिळाली तर तीच घ्या. गावात कोणी घर पाडून स्लॅब टाकत असेल तर मागच्या बाजूला कौलांची चळत उभी असते, सांगितलं तर आनंदाने देतात. माझ्या पन्नासातल्या चार कौलांच्या पोटावर बासेल मिशन आणि १८६५ असा ठसा आहे, म्हणजे मंगळूरच्या त्या जुन्या कारखान्याची कौलं, १८६५ हे कारखान्याचं साल, कौलाचं नाही, पण तरी शंभरेक वर्षांची असावीत आणि अजून टक् करून वाजतात. कौल बोटाने वाजवूनच घ्यायचं, खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका, कौलांच्या खालून, रिपांच्या पोटाला, पूर्ण छपराला जाळी मारायची. कौल उचलून आत उतरणं मांजराला अजिबात कठीण नाही, आणि माकडं तर कौलांवर नाचूनच जातात. जाळी असली की कौल सरकलं तरी कोंबड्या सुरक्षित राहतात, तुम्ही सकाळी चढून नीट करू शकता.

जाळी वेल्डमेशच (तारांचे सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी) घ्या, चौकोन अर्ध्या इंचाचा. एक इंचाच्या चौकोनातून लहान साप आणि उंदीर आरामात येतात. दुकानात जाळी हातात घेऊन कोपरा वाकवून बघा, सहज वाकली तर ठेवून द्या, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक हे लक्षात ठेवा, मी आधी उलटं समजत होते. समुद्राजवळ राहत असाल तर वेल्डिंग झाल्यावर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी मागा, आधी मुलामा देऊन मग वेल्ड केलेलीचे सांधे खाऱ्या हवेत लवकर गंजतात. ठोकताना नुसत्या यू खिळ्यांवर भरवसा ठेवू नका, ते ओढले की निघतात. जाळीवर लाकडाची पातळ रीप ठेवून आरपार स्क्रू मारायचे, घट्ट राहतं आणि तारेची टोकं झाकली गेल्यामुळे दिसायलाही फोटोच्या चौकटीसारखं स्वच्छ दिसतं.

आता वारा. इथे सगळे चुकतात, मीही चुकले होते, म्हणून जरा सविस्तर. कोंबडीला थंडीचा त्रास कमी, ओलीचा आणि कोंदट हवेचा जास्त. रात्रभर सहा जणी श्वास सोडतात, विष्ठा टाकतात, त्यातून ओल आणि अमोनिया तयार होतो, तो वर जाऊन बाहेर पडायला वाट हवी. म्हणून भोकं वर पाहिजेत, कोंबडी झोपते त्याच्या वर. आमच्या खुराड्यात भिंती ३ फुटांपर्यंत फळ्यांच्या बंद आहेत, दांडीवर बसलेल्या कोंबडीचं डोकं अडीच फुटांवर येतं, आणि त्याच्या वर दोन्ही बाजूंचे त्रिकोण उघडे, फक्त जाळी. शिवाय लांब भिंतींच्या माथ्यावर वळचणीखाली ४ इंचांची फट, तिलाही जाळी. गरम हवा त्रिकोणातून निघून जाते, फटीतून नवीन येते, आणि कोंबडीच्या अंगावरून काहीच वाहत नाही. पश्चिमेच्या त्रिकोणात पावसाची झड येते म्हणून तिथे जाळीच्या बाहेर तिरक्या पट्ट्या बसवल्यात, जुन्या खिडक्यांना असतात तशा झिलमिली, पाणी बाहेर उतरतं आणि वारा आत येतो, आणि खरं सांगायचं तर त्या झिलमिलींमुळेच खुराडं इतकं देखणं झालंय.

बरोबर जमलंय का हे कसं बघायचं, तर पहाटे दार उघडायच्या आधी तोंड दांडीच्या उंचीला नेऊन एक श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं किंवा नाकात खवखवलं तर वारा कमी पडतोय. आपण उभ्याने वास घेतो तेव्हा काही कळत नाही, त्यांच्या उंचीला वाकल्यावरच कळतं.

जमीन फणसाच्या फळ्यांची, फळ्या अगदी घट्ट बसवलेल्या, वर भाताचा तूस तीन-चार इंच. आत दोन दांड्या, दोन्ही ४ फुटांच्या, जमिनीपासून दीड फुटावर, भिंतीपासून फूटभर आणि एकमेकींपासून फूटभर. एका कोंबडीला दांडीवर ९-१० इंच लागतात. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवा, एक वर एक खाली केली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी, आणि खाली बसलेलीच्या पाठीवर वरचीची घाण. दांडी दीड-दोन इंच जाड, कडा गोल केलेली, पीव्हीसी पाईप नको, पाय घसरतात. दांड्यांच्या खाली पत्र्याचा एक ट्रे सरकवलाय, बाहेरून ओढता येतो, कोंबडी रात्री भरपूर विष्ठा टाकते ती सगळी त्यात पडते, सकाळी ट्रे ओढायचा, खरवडून खड्ड्यात टाकायचा, दोन मिनिटांचं काम. वास येत नाही का या प्रश्नाचं निम्मं उत्तर हा ट्रे आहे. ते खत मात्र ताजं झाडांना घालू नका, मुळं जळतात, दोन-तीन महिने पालापाचोळ्याबरोबर कुजवून मग माडाला, मिरचीला घाला.

अंडी घालायची खोकी दोन, आतून १२ बाय १२ इंच, चार-पाच कोंबड्यांना एक पुरतं. ती उत्तरेच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने लटकवलीत, वळचण बरोबर त्यांच्या वर येते. वरचं झाकण तिरकं आणि बिजागरीचं, बाहेरून उचललं की अंडी हातात, चिखलात पाय घालून आत वाकायला नको. खोकं दांडीपेक्षा खाली असलंच पाहिजे, कोंबडीला सगळ्यात उंच जागी झोपायचं असतं, खोकं उंच असलं की ती त्यातच झोपते आणि अंडी घाण होतात. पुढे ४ इंचांची आडवी फळी, नाहीतर गवत आणि अंडी दोन्ही बाहेर. अंधार लागतो तिला, म्हणून मी जुन्या सुती साडीचे दोन छोटे पडदे लावलेत, मधे फाटलेले, त्यातून ती मान घालून आत शिरते ते बघत बसावंसं वाटतं.

दार म्हणजे आमच्या खुराड्याचा दागिना. कोल्हापुरात जुन्या लाकडाच्या बाजारात एक खिडकी मिळाली, सागाची, दोन फळ्या, प्रत्येकीवर कोरलेलं कमळ, एका बाजूचं थोडं झिजलेलं. पूर्वेची बाजू ३ फुटांची आहे, तिच्यात ती चौकटीसकट बसवली आणि उरलेली जागा फळ्यांनी भरली. शहरात असाल तर जुन्या दारं-खिडक्यांची दुकानं सगळीकडे असतात, आधी खिडकी विकत घ्या आणि मग तिच्या मापाने भिंत करा, उलटं करू नका. त्याच दाराच्या शेजारी कोंबड्यांचं छोटं दार, १० इंच रुंद, १२ इंच उंच, वर सरकणारं, आणि तिथून खाली अंगणात उतरायला फळीची उतरण, दर ५ इंचांवर बांबूची चीप ठोकलेली.

कडी साधी नको. लाकडाची फिरकी मांजर पंजाने फिरवतं. टॉवर बोल्ट आणि त्याच्या जोडीला कोयंडा, कोयंड्यात एक हुक अडकवायचा, अशा दोन कड्या प्रत्येक दाराला, अंड्यांच्या झाकणालासुद्धा. आणि एक कळकळीची विनंती, मुंगूस, कांडेचोर, रानमांजर यांच्यासाठी विष किंवा फासे लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि तीच जनावरं आपल्या परसातले उंदीर-घुशी खातात. आपली जाळी आणि कडी पक्की असली की ती दोन रात्री येऊन फिरून निघून जातात.

अंगणाचे खांब माणग्याच्या बांबूचे, भरीव आणि सरळ असतो हा बांबू. तीन वर्षांचा तरी पक्का बांबू घ्या, कोवळ्यात गोडवा जास्त म्हणून त्याला भुंगा लागतो आणि खाली पिवळी पिठी पडायला लागते. जुनी पद्धत म्हणजे व्हाळाच्या (ओढ्याच्या) वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचा. मी १०० लिटर पाण्यात बोरॅक्स आणि बोरिक पावडर मिळून ५ किलो विरघळवून त्यात आठवडाभर ठेवला. जमिनीत जाणाऱ्या टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात, हातमोजे घालूनच, ते तेल कातडी भाजतं.

अंगणाला खालचे तीन फूट अर्धा इंची वेल्डमेश, वर एक इंची चालते. खाली जाळी जमिनीशी काटकोनात वळवून बाहेर फूटभर आडवी पसरायची, त्यावर माती आणि दगड. जनावर कुंपणाच्या अगदी बुडाशीच उकरतं, तिथे जाळी लागली की सोडून देतं, फूटभर मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही. वर घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात म्हणून मालवणहून आणलेलं जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधलंय. पण हे नायलॉनचं जाळं फक्त वर, जमिनीजवळ कधीच नको, साप त्यात अडकून कापले जातात, एकदा धामण सोडवताना तिच्या अंगावरचे वळ मी बघितलेत. जाळ्यावर गोकर्ण आणि दोडक्याचा वेल चढवला, सावलीही झाली आणि निळी फुलंसुद्धा. आजूबाजूला गवती चहा लावा, कण्हेर मात्र नको, विषारी आहे. कोपऱ्यात जुनी ट्रकची टायर टाकून त्यात कोरडी माती आणि चुलीची राख भरून ठेवलीय, त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात.

रंगाचं आता सांगते, कारण माझा सगळा जीव त्यात आहे. आतून-बाहेरून चुना. ऑइलपेंट आत लावू नका. चुन्याने लाकडाच्या बारीक फटी भरतात, आणि त्या फटींमध्येच दिवसा पिसवा-गोचिडी लपतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात, त्यामुळे वर्षातून दोनदा चुना मारला की अर्धी डोकेदुखी जाते. कळीचा चुना आणा, लोखंडी किंवा मातीच्या भांड्यात पाणी घ्या आणि त्या पाण्यात चुना थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतो. चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा, प्लास्टिकची बादली वापरू नका, उकळी फुटते इतका तापतो. दोन-तीन दिवस मुरू द्या, गाळा, बादलीला मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घाला. दुधापेक्षा थोडं घट्ट ठेवून पातळ पातळ तीन हात मारा. पहिला हात दिसतच नाही, घाबरू नका, वाळल्यावर पांढरा होतो. कोंबड्या पूर्ण वाळल्यावरच आत.

बाहेरच्या बाजूला कावेची पट्टी. गोव्यात जुन्या देवळांवर, मोरजीच्या मोरजाई देवळात बघा, पांढऱ्या चुन्यावर लाल नक्षी असते ती कावी. खरं कावीकाम ओल्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो टोकदार हत्याराने खरवडून करतात, फळीवर ते होणार नाही. मी मुरलेल्या चुन्यातच काव कालवून दाट रंग केला, जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये कटरने नक्षी कापली, आणि कापडाच्या बोळ्याने थोपटत वळचणीखाली एक ओळ उमटवली. वेल, मग फूल, मग वेल. ब्रशने करू नका, रंग फिल्मखाली पसरतो. खिडकीच्या फळ्यांना रंग दिला नाही, जवसाचं तेल कोमट करून दोन हात चोळलं आणि त्या तेलाच्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवल्या, गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेतात.

पावसाळ्याची तयारी मेअखेर. पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे, फक्त वरची फट झाकायची नाही, पाऊस बघून लोक प्लास्टिकने सगळं गुंडाळतात आणि मग आत कोंबड्या आजारी पडतात. पागोळ्या पडतात तिथे खडी टाका. तूस मुठीत दाबून बघत जा, मूठ उघडल्यावर सुटा झाला तर ठीक, लाडू राहिला तर ओला झालाय, तेवढा काढून नवीन घाला. मानमोडीची लस मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या, कितीही चांगलं खुराडं असलं तरी तो रोग आला की एका आठवड्यात सगळं साफ होतं.

मुंबई-पुण्यात बंगला किंवा रो-हाऊस असेल आणि चिरा-कौल जमत नसेल तर पॅलेटचं लाकूड वापरा, त्याच्यावर इंग्रजीत एचटी शिक्का असला तर उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, चालेल, एमबी असला तर विषारी वायूची प्रक्रिया केलेलं, ते नको. कोंबडा ठेवू नका, अंड्यांसाठी लागत नाही आणि शेजारी पहाटे चारला उठतात. सोसायटी आणि महापालिकेचे नियम आधी विचारून घ्या.

माझा सगळा खर्च सोळा-सतरा हजारांच्या आसपास गेला, कौलं फुकट मिळाली होती, सगळ्यात जास्त जाळीला आणि सुतारकामाला गेले. जाळीत पैसे वाचवू नका, वाचवायचेच असतील तर खिडकीत वाचवा.

कोंबड्या नवीन घरात न्यायच्या त्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर. एकेकीला उचलून दांडीवर ठेवायची, अंधारात त्या गप्प बसतात. पुढचे तीन दिवस अंगणाबाहेर सोडायचं नाही, म्हणजे घर डोक्यात बसतं. खोक्यात एक पांढरा गुळगुळीत गोटा ठेवा, अंड्यासारखा, तिथेच अंडी घालायची हे त्यांना कळतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी दारात उभी होते, तुरेवाली तपकिरी कोंबडी पहिली उतरणीवर चढली, अर्ध्यावर थांबून मागे बघितलं, आणि तिच्यामागे बाकीच्या रांगेने वर गेल्या. आत थोडी कुरकुर, मग शांत. वरचं दार सरकवायच्या आधी बॅटरी मारून रोज मोजायच्या. सहा.